कोणता पॉडकास्ट लावायचा यापेक्षा तो कुठे थांबवायचा

नाशिकच्या कामटवाड्यात राहणाऱ्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगी नववीत, मुलगा अकरावीत. वर्तमानपत्र घरी येतं, पण ते आजोबांच्या हातात असतं. मुलांना जग कळतं ते रील्समधून. परवा जेवताना मुलगा म्हणाला, "आरक्षण आता बंदच करायला पाहिजे." मुलगी चिडली आणि दोघं ताटावरून उठली. वडिलांचं म्हणणं असं: चालू घडामोडी आणि सामाजिक न्याय मुलांना नीट समजावा म्हणून पॉडकास्ट ऐकवायचे आहेत, चांगल्या पॉडकास्टची यादी द्या.

यादी देते, पण ती छोटी आहे आणि उत्तरात बरीच खाली येईल. नुसत्या यादीने हे काम होत नाही. मी नाशिकच्या एका माध्यमिक शाळेत इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते आणि शनिवारी दुपारी तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांचा श्रवणगट घेते. मुलं सिडकोची, सातपूरची, पंचवटीची. काही वसतिगृहात राहणारी, पेठ-सुरगाणा या आदिवासी तालुक्यांकडची. लिंक पाठवून "हे ऐक हं" म्हटलं की मूल "हो" म्हणतं आणि विषय तिथेच संपतो. फार तर दुप्पट वेगाने ऐकून "छान होतं" असं कळवतं. जे काही घडतं ते एका खोलीत, एका स्पीकरवर, सगळ्यांनी मिळून ऐकताना घडतं. त्यातही ते घडतं मोठ्या माणसाने मधेच थांबवल्यावर. त्यामुळे घरी तुमचं काम निवडण्याचं कमी आणि थांबवण्याचं जास्त आहे.

आता मुळात व्हिडिओ सोडून ऑडिओ का, ते सांगते. व्हिडिओत बोलणाऱ्या माणसाचं घर, कपडे, मागची भिंत दिसते आणि मुलांचं मत तो तोंड उघडायच्या आत तयार होतं. आवाजात ती सोय नाही. अर्थात आवाजही निर्दोष नसतो. एकदा आम्ही पाण्यावरचा एक भाग ऐकत होतो. त्यात त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या पाड्यावरची एक बाई विहिरीत उतरून पाणी कसं काढतात ते सांगत होती. तिच्या बोलण्याच्या ढबीवर दोन-तीन मुलं हसली. मी तिथेच थांबवलं. रागावले नाही. फक्त विचारलं, "हसू कशाचं आलं?" थोडा वेळ कोणी बोलेना. मग एक मुलगी म्हणाली, "ती शाळेतल्यासारखं बोलत नाही म्हणून." वसतिगृहातला एक मुलगा खाली बघून म्हणाला, "माझी आई असंच बोलते." सामाजिक न्याय या विषयाचा त्या दिवशीचा पाठ तेवढाच. पाण्याचा भाग आम्ही पुढच्या शनिवारी पूर्ण केला.

सुरुवात आरक्षणाने करू नका. तुमच्या घरात तो विषय आधीच पेटलेला आहे. मुलं आपापली बाजू घेऊन बसली आहेत आणि आता जे ऐकवाल त्यातून दोघं फक्त दारूगोळा वेचतील. आधी असा विषय घ्या ज्यात घरातल्या कोणालाच आपलं मत ठाम ठाऊक नाही. नाशिकमध्ये तो विषय हाताशीच आहे: कांदा.

शहरातली मुलं कांद्याकडे भाव म्हणून बघतात. महाग झाला की वाईट, स्वस्त झाला की बरा. कांदा पिकवणाऱ्या निफाड-चांदवडकडचं मूल गटात असेल तर गणित बरोबर उलटं. लासलगावचा लिलाव आणि निर्यातीचं धोरण यावर वृत्तसंस्थांचे आणि माध्यमांचे भरपूर भाग मिळतात. पंधरा-वीस मिनिटांचा एखादा निवडा. ऐकायच्या आधी एकच गोष्ट बघायला लावा: भाग कोणत्या तारखेचा आहे. ही सवय कांद्याइतकी झटकन दुसरं काही लावत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलरचं किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क घेऊन. सप्टेंबरमध्ये किमान मूल्याची अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेलं. म्हणजे दीड-पावणेदोन वर्षांत पाच वेगवेगळ्या परिस्थिती. जानेवारी २०२४ चा भाग आज ऐकून मूल तावातावाने म्हणेल, "सरकारने निर्यात बंद केलीय." ते खोटं बोलत नसतं, त्याची माहिती शिळी असते. समाजमाध्यमांवर फिरणारी निम्मी भांडणं अशा शिळ्या माहितीवर चालतात असं माझं मत आहे.

मग भाग लावा आणि साधारण मध्यावर थांबवा. एकच प्रश्न विचारा: आतापर्यंत कोण कोण बोललं? मुलं मोजतात. शेतकरी बोलला, व्यापारी बोलला, एक अर्थतज्ज्ञ बोलले, मंत्र्यांचं वाक्य ऐकवलं, मंडईतल्या एका गृहिणीला विचारलं. आता पुढचा प्रश्न: आणि कोण बोललं नाही? इथे पहिल्यांदा शांतता असते, आणि ती तुम्ही भरून काढायची नाही. आमच्या गटात चांदवडकडच्या एका मुलीने सुरुवात केली. "कांदा काढायला बाया येतात, त्या नाही बोलल्या." दुसरा म्हणाला, "मार्केटमधले हमाल." मग कोणी ट्रॅक्टरवाला म्हणालं, कोणी चाळीत कांदा निवडणाऱ्या म्हणालं. एप्रिल २०२४ मध्ये हमाल-मापाऱ्यांच्या मजुरीपोटी होणाऱ्या हमाली-तोलाई-वाराईच्या कपातीवरून नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांतले कांद्याचे लिलाव ठप्प झाले होते, हे मी त्यानंतर सांगितलं. त्याआधी सांगितलं असतं तर ती एक माहिती झाली असती. आता त्यांना प्रश्न पडला: लिलाव अडवण्याइतकं ज्यांचं महत्त्व आहे, ते कांद्यावरच्या कार्यक्रमात का नाहीत?

हा "कोण बोललं नाही" एवढा एक प्रश्न तुम्ही घरात रुजवलात तरी पुष्कळ झालं. सामाजिक न्याय म्हणजे काय याची व्याख्या मी मुलांना कधी देत नाही. व्याख्या दिली की ती पाठ होते आणि परीक्षेत उतरते. कोणाच्या कष्टावर गोष्ट उभी आहे आणि त्या गोष्टीत कोणाला बोलायला मिळतं, यातलं अंतर मुलांना स्वतःला मोजता आलं की पुढचं ती आपणहून विचारतात.

दुसरा विषय असा घ्या ज्यात आपण स्वतः सोयीच्या बाजूला आहोत. यावर पालक नाराज होतात, पण मी हट्टाने घेते. दुसऱ्याच्या अन्यायावर हळहळणं सोपं आहे. नाशिककरांसाठी असा विषय म्हणजे जायकवाडी. गोदावरी आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावते, गंगापूर धरण आपलं, म्हणून पाणीही आपलं असं इथे पोरंसोरंही म्हणतात. खाली पैठणला नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, कोरडा पडला की वरच्या धरणांतून पाणी सोडायचा आदेश येतो आणि शहरात "आमचं पाणी पळवलं" सुरू होतं. याच्या मागे महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २००५ चा कायदा आहे, खोऱ्यातल्या तुटीचा भार सगळ्यांनी वाटून घ्यावा हे तत्त्व आहे, आणि १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचं हे मेंढेगिरी समितीच्या अहवालावरून आलेलं सूत्र आहे. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर नाशिक-नगरच्या धरणांतून साडेआठ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) पुढे पाणी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हा शहरातल्या चर्चा आठवून बघा. त्यात तत्त्व वगैरे कुठे होतं?

या विषयावर मी नाशिकच्या बाजूचा एक भाग आणि मराठवाड्याच्या बाजूचा एक भाग लागोपाठ ऐकवते, आणि दोन्हीकडे मोजायला लावते: किती वाक्यं आकड्यांची, किती रागाची. आमच्या गटातल्या एका मुलीची मावशी छत्रपती संभाजीनगरला असते. दोन्ही भाग ऐकून झाल्यावर तिने तिथूनच मावशीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मावशी म्हणाली, "अगं, आमच्याकडे नळाला रोज पाणी कुठलं? आठवड्याने येतं कधी कधी." मुलं गप्प. मग सातपूरच्या एका पोराने विचारलं, "मावशी, धरण भरलेलं असतं तेव्हा रोज येतं का?" मावशी हसली. "तेव्हाही नाही रे. पाइपलाइनचं काम कधीचं चाललंय." झालं! "आपण विरुद्ध ते" अशी सरळ रेघ मारली होती, ती पुसली गेली. वरच्यांनी पाणी सोडलं तरी खालच्या शहरातल्या बाईच्या हंड्यात ते पोचेलच असं नाही, आणि त्याचा दोष नाशिककडे जात नाही. पण म्हणून सोडायचं नाही का? यावर पुढचा तासभर वाद झाला आणि मी त्यात जवळपास काही बोलले नाही.

आता आरक्षण. तुमचा मूळ काटा तोच आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

ऐकण्याआधी एक नियम घाला. मी तो गटातही पाळते: कोणत्याही मुलाला त्याच्या जातीचा प्रतिनिधी करायचं नाही. "तू सांग ना, तुला कसं वाटतं?" हा प्रश्न चांगल्या हेतूनेही विचारायचा नाही. घरी हे लागू नाही असं समजू नका. मुलांचे मित्र घरी येतात, चर्चेत ओढले जातात. स्वतःहून कोणी सांगितलं तर ऐकायचं. सुरगाण्याच्या एका मुलाने असंच आपणहून सांगितलं होतं की त्याचे आजोबा २०१८ च्या मोर्चात चालले. ६ मार्चला नाशिकहून निघालेला तो शेतकरी-आदिवासींचा लाँग मार्च, सुमारे १८० किलोमीटर, १२ तारखेला मुंबईत. दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतून चालून आझाद मैदान गाठलं, हे ऐकल्यावर दहावीतली मुलं त्याच्याकडे वळून बघायला लागली. त्याने मग वनहक्काचा दावा म्हणजे काय, २००६ चा कायदा काय म्हणतो, जमीन १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असल्याचा पुरावा कसा मागतात, हे आजोबांकडून ऐकलेलं सांगितलं. कुठल्याही पॉडकास्टपेक्षा ते चांगलं होतं, आणि ते मी मागून मिळालं नसतं.

नियम झाला की दुसरी तयारी आकड्यांची. मुलगा "बंद करा" म्हणतो आणि मुलगी "तुला काय कळतं" म्हणते, पण दोघांनाही नेमकं किती आणि कोणाला ते माहीत नसतं. एका कागदावर लिहा. महाराष्ट्रात अनुसूचित जातींना १३ टक्के, अनुसूचित जमातींना ७, इतर मागासवर्गाला १९, विमुक्त जाती व भटक्या जमातींना ११, विशेष मागास प्रवर्गाला २. झाले ५२. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये इंद्रा साहनी प्रकरणात ५० टक्क्यांची मर्यादा घातली. २०१९ मध्ये १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी १० टक्के आलं, जे आधीच्या आरक्षणात न बसणाऱ्यांसाठी आहे. मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये रद्द केला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने १० टक्क्यांचा नवा कायदा केला. एवढा कागद समोर ठेवून मग भाग लावा. कोणत्याही बाजूचा वक्ता असो, तो यातलं काय सांगतो आणि काय गाळतो हे मुलं स्वतः टिपतील. तुमचा मुलगा आर्थिक निकषाचं आरक्षणही आरक्षणच आहे हे पाहून बहुधा थोडा थबकेल. थबकू द्या, चिमटा काढू नका.

आणि त्यांना काळाराम मंदिरात घेऊन जा. तुम्ही बहुतेक दर्शनाला गेलाच असाल. या वेळी ऐकून जा. २ मार्च १९३० ला याच मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. इथली बाजू भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड सांभाळत होते. दारं बंद ठेवण्यात आली, सत्याग्रह मधे मधे थांबत जवळपास पाच वर्षं चालला आणि मंदिर काही उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. यावर मराठीत ऐकण्यासारखी व्याख्यानं आणि भाग पुष्कळ आहेत. मुलांनी ते पूर्व दरवाज्यासमोर उभं राहून कानात ऐकावेत असं मला वाटतं. सिडकोतून पंचवटी काही लांब नाही. रिक्षाने जाऊन येता येईल. "ते जुनं झालं" असं मुलगा म्हणेल. त्याला आजोबांचं जन्मसाल विचारायला लावा आणि वजाबाकी करू द्या.

आता तुमचा मुलगा खरोखर काय ऐकतो त्याकडे येते. सोळा-सतरा वर्षांची मुलं पॉडकास्ट म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात यूट्यूबवरच्या दोन-दोन तासांच्या मुलाखती असतात. दोन मऊ खुर्च्या, दोन माइक, समोर कोणी नेता, उद्योजक किंवा बाबा. पाहुणा बोलतो, यजमान मान डोलवतो. उलटतपासणीचा एक प्रश्न नाही. मी याला पत्रकारिता मानत नाही, पण "ते फालतू आहे, ऐकू नकोस" म्हणण्याइतकी घोडचूक दुसरी नाही. त्यापेक्षा हे करा. त्याने पाठवलेली चाळीस सेकंदांची रील घ्या, ती ज्या मुलाखतीतून कापली आहे ती शोधा आणि त्या जागेच्या आधीची पाच आणि नंतरची पाच मिनिटं ऐका. पुष्कळदा वाक्याला आधी "काही लोक म्हणतात की" होतं, किंवा नंतर "पण मला ते पटत नाही" होतं. कधी कधी काहीच कापलेलं नसतं, माणूस खरंच तेच म्हणत असतो. तेही कळायला हवं. हा शोध मुलांना भारी आवडतो. त्यात पकडापकडीची मजा आहे, आणि अकरावीच्या मुलाला उपदेशापेक्षा ती जास्त मानवते.

वेगाबद्दल एक बारीकशी गोष्ट. मुलं सगळं दीडपट-दुप्पट वेगाने ऐकतात. बातम्या तशा ऐकल्या तर बिघडत नाही. पण जिथे कोणी माणूस स्वतःवर गुदरलेलं सांगत असेल तिथे वेग मूळचा ठेवायचा, हा आमच्या गटाचा नियम आहे. बोलणारा मधेच थांबतो, आवंढा गिळतो, त्यातही सांगणं असतं. वेग वाढवला की ते गळून जातं.

यादी. आकाशवाणीच्या मराठी प्रादेशिक बातम्या रोज ऐका. दहा मिनिटांत संपतात, ओरडत नाहीत आणि न्यूज ऑन एआयआर ॲपवर मिळतात. सरकारी माध्यम आहे, हेही मुलांना सांगा. कोणती बातमी तिथे पहिली येते आणि खाजगी वाहिनीवर पहिली कोणती, ही तुलना स्वतंत्र करमणूक आहे. एका विषयाची मांडणी समजून घ्यायला बीबीसी मराठीची 'सोपी गोष्ट' बरी. इंग्रजी जमत असेल तर द हिंदूचा 'इन फोकस' आणि इंडियन एक्स्प्रेसचा 'थ्री थिंग्ज'. नववीच्या मुलीला पहिला जड जाईल, दुसरा जमेल. मराठीत गंभीर विषयांवरचं, मुलांच्या वयाचं ऑडिओ अजून फार कमी आहे. भुताच्या गोष्टी आणि यशाचे मंत्र मात्र पोत्याने.

आणि एक गोष्ट जी पॉडकास्ट नाही, पण मी ती हमखास ऐकवते. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, म्हणजे पारी, या संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून गोळा केलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा साठा, त्यातल्या कितीतरी मूळ आवाजात. सासर, मजुरी, जात, बाबासाहेब, सगळं त्यात आहे आणि ते कोणा तज्ज्ञाने समजावलेलं नाही, दळता दळता बाईने स्वतः म्हटलेलं आहे. आजोबा घरी आहेत ना? यासाठी त्यांना बोलवा. वर्तमानपत्र त्यांच्याकडे जातं म्हणून ते मुलांच्या चर्चेबाहेर राहावेत असं काही नाही. ओव्या लावल्या की घरातली म्हातारी माणसं बोलायला लागतात. मग पॉडकास्ट बंद करावा लागतो, पण तो तोटा समजू नका.

जड विषयांबद्दल सावध राहा. लहान मुलांवरचे अत्याचार, जमावाची हिंसा, आत्महत्या हे सगळं चालू घडामोडींत येतं आणि कानात इअरफोन घालून अंधारात एकट्याने ऐकलं तर व्हिडिओपेक्षा खोल जातं. मुलांना असे भाग रात्री एकट्याने ऐकू देऊ नका. ऐकून झाल्यावर लगेच "तुझं मत काय?" विचारू नका. मत नंतर येईल. आधी पाणी प्या, खाली एक चक्कर मारून या. मूल काही दिवस गप्प राहिलं, झोप उडाली, किंवा ऐकलेल्यातलं काही त्याच्यावरच घडलं असल्याची शंका आली, तर विषय तुमच्यापुरता ठेवू नका. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ आहे. हे दोन्ही क्रमांक आमच्या खोलीच्या दारावर लिहिलेले आहेत.

ऐकण्याची गोडी लागली की मुलं म्हणतात, आपणच एक भाग करूया. जरूर करा, फोनवर करा, महाग माइकच्या नादी लागू नका. पंखा बंद करा आणि फोन बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ धरा, पुरतं. ज्याचा आवाज घ्यायचा त्याला आधी सांगा की हे कुठे जाणार आहे, आणि तो नको म्हणाला तर विषय सोडा. भाजीबाजारातली मावशी गिऱ्हाईक असताना बोलणार नाही, दुपारी दोनला जा. अत्याचारग्रस्त मुलाचं किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाचं नाव, शाळा, गल्ली, ओळख पटेल असं काहीही रेकॉर्डिंगमध्ये येता कामा नये. पॉक्सो आणि बाल न्याय कायदा या दोन्हींत त्याला शिक्षा आहे, आणि "सगळ्यांना माहीतच आहे" हा बचाव चालत नाही. रेकॉर्डिंग शक्यतो घरातच आणि गटातच राहू द्या. खरी शिकवण संपादनात आहे. वीस मिनिटांचं बोलणं सहा मिनिटांवर आणताना काय कापलं ते मुलांना वहीत लिहायला लावते. नाशिकच्या तपोवनातली झाडं कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी, म्हणजे साधूंच्या मुक्कामाच्या जागेसाठी, तोडण्याचा प्रस्ताव आला तेव्हा आमच्या मुलांनी असा एक भाग केला. झाडं वाचवायला आलेल्यांचं बोलणं त्यांनी जवळपास सगळं ठेवलं होतं. कुंभावर वर्षभराची कमाई अवलंबून असलेल्या एका फूलविक्रेत्याची दोन वाक्यं उरली होती. कापलेल्याची वही वाचून दाखवल्यावर त्यांची त्यांनाच गंमत वाटली, आणि त्यांनी त्याची आणखी चार वाक्यं परत घातली. झाडांबद्दलचं त्यांचं मत त्याने बदललं नाही. बदलायला हवं असंही मी म्हणाले नाही.

मुलं तुम्हालाही विचारतील: बाबा, तुम्हाला काय वाटतं? टाळू नका, सांगा. पण त्यांचं बोलून झाल्यावर, आणि कशावरून वाटतं तेही सांगा. ज्या ठिकाणी तुमचं मत सवयीने आलेलं आहे, वडिलांचं होतं म्हणून आहे, तिथे तसं सांगितलं तरी चालतं.

आठवड्यातून एक वेळ ठरवा, रविवारी सकाळी चहा-पोह्यांच्या वेळी, अर्ध्या तासाच्या वर नको. मुलगी बसेल. मुलगा पहिल्या खेपेला बसणार नाही असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. त्याला ओढू नका. स्पीकर बाहेरच्या खोलीत ठेवा, आवाज त्याच्या खोलीपर्यंत जाईल एवढा. आणि त्याला सांगा की पुढच्या रविवारची मुलाखत त्याने निवडायची, कितीही लांब असो, ती तुम्ही आधी संपूर्ण ऐकून याल. मग खरंच ऐका. दोन तास जातील, पण तुम्ही ऐकलंय की नाही हे तो पहिल्या दोन प्रश्नांत ओळखतो.